मे उजाडला की पानांच्या कडा का करपतात? फिनिक्सच्या वाळवंटी बागेतलं दरवर्षीचं दुखणं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

फेब्रुवारीच्या शेवटी लावलेली टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं एप्रिलपर्यंत दृष्ट लागावी अशी वाढतात. मग एप्रिल संपता संपता खालच्या, जुन्या पानांच्या टोकाला तपकिरी ठिपका दिसतो. आठ-दहा दिवसांत तो पानाच्या कडेकडेनं सरकत जातो. कडा इतकी वाळते की बोटांत धरली तर पापडासारखी मोडते, पान मधून मात्र हिरवंगारच असतं. पाठोपाठ फुलं देठापासून पिवळी पडून गळायला लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात झाड नुसतं उभं असतं. या सगळ्या काळात आपण एकच गोष्ट करत असतो, ती म्हणजे पाणी वाढवणं. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. तरी झाड काही सुधारत नाही.

मी फिनिक्सच्या आग्नेयेला चँडलरमध्ये राहते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात येऊन नऊ वर्षं झाली आणि त्यातली पहिली चार वर्षं दर उन्हाळ्यात माझी बाग अशीच गेली. माझं माहेर दर्यापूर, जिल्हा अमरावती. मे महिन्यात पारा ४५ वर गेलेला लहानपणापासून पाहिला आहे, त्यामुळे उन्हाची भीती नव्हती. पण वऱ्हाडात त्या उन्हाच्या मागून पाऊस येतो. इथे वर्षभराचा पाऊस सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे एखाद्या झडीत पडावा तेवढा. जमीन चुनखडीची, तिचा सामू (पीएच) ८ च्या वर. हवा इतकी कोरडी की ओली ओढणी दोरीवर टाकून दुसरी पिळेपर्यंत पहिली वाळलेली असते. अशा ठिकाणी झाड कोमेजलेलं दिसलं की माणसाचा हात नळाकडे जाणारच. दुखणं तिथूनच सुरू होतं.

पाणी कमी नाही, ते उथळ आहे

चौथ्या वर्षी मी करपलेल्या पानांचे आणि वाफ्याचे फोटो मामाला पाठवले. तो अजून दर्यापूरला शेती करतो. त्यानं पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. वाफ्याच्या कडेला, ठिबकच्या नळीपासून वीतभर अंतरावर मातीवर पांढरट पापुद्रा आला होता, तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "तू पाणी नाई देऊन राहिली, मीठ देऊन राहिली झाडाले."

अमरावती, अकोला, बुलढाण्याचा पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. तिथल्या विहिरीचं पाणी खारं, म्हणून ते पिकाला देताना शेतकरी दहादा विचार करतो. त्याच पट्ट्यातली मी, आणि मला तो पांढरा पापुद्रा ओळखता आला नाही, कारण इथे पाणी नगरपालिकेच्या नळाचं होतं, प्यायलाही चालणारं. नळाच्या पाण्यात मीठ असेल हे मनातच आलं नव्हतं.

इथली नदीच मुळी सॉल्ट रिव्हर. फिनिक्सच्या वरच्या डोंगराळ भागात तिला खारे झरे येऊन मिळतात, त्यावरून हे नाव. शेकडो मैल कालव्यातून येणारं कोलोरॅडो नदीचं पाणीही क्षारांनी भरलेलंच. प्रत्येक गाव पाण्याचा वार्षिक अहवाल काढतं. त्यात एकूण विरघळलेल्या क्षारांचा आकडा असतो, तो एकदा बघा. माझ्याकडच्या अहवालात तो लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या जवळपास होता. प्यायला काही अडचण नाही. पण हिशोब मांडून पाहा: १,००० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम क्षार. माझ्या ४ फूट बाय ८ फुटांच्या वाफ्याला मार्च ते जून या काळात निदान २,००० लिटर पाणी लागतं. म्हणजे एका हंगामात त्या वाफ्यात सव्वा किलो क्षार मी स्वतःच्या हातानं ओतत होते. पाणी झाड पितं किंवा उडून जातं. क्षार कुठेच जात नाहीत.

आता ते क्षार मातीत नेमके कुठे साठतात, हा खरा मुद्दा. पाणी मातीत जिथवर उतरतं, तिथवर ते क्षारांना ढकलत नेतं आणि ओलाव्याच्या सीमेवर सोडून देतं. रोज दहा मिनिटं ठिबक चालवलं की ओल जाते जेमतेम चार बोटं. क्षारांची रेघ तिथेच पडते, आणि झाडाची मुळंही ओलाव्यामागे तेवढ्याच चार बोटांत जमलेली असतात. दुपारी वरची माती तापते, पाणी वर ओढलं जाऊन उडतं, राहिलेले क्षार आणखी घट्ट होतात. मग मातीत ओल असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही. जे थोडं ओढलं जातं त्याच्याबरोबर क्लोराइड आणि सोडियम पानात चढतं आणि पानाच्या टोकाशी, कडेला साठत जातं. म्हणून करपणं कडेपासून सुरू होतं आणि जुन्या पानांत आधी दिसतं. आपल्याला ते तहानेसारखं दिसतं, आपण आणखी थोडं पाणी देतो, आणखी थोडे क्षार टाकतो.

तीन सूत सळई

हे खरं की खोटं, ते घरच्या घरी तपासता येतं. लोखंडी कामाच्या दुकानातून तीन सूत जाडीची, दोन-अडीच फूट लांब सळई आणा. एक टोक घासून जरा निमुळतं करा, दुसऱ्या टोकाला धरायला वाकवून घ्या. नेहमीप्रमाणे पाणी द्या आणि तासाभरानं सळई वाफ्यात दाबा. ओल्या मातीत ती लोण्यात सुरी जावी तशी जाते, आणि कोरडी माती लागली की जागच्या जागी थांबते. तिथे बोट धरून ठेवा, बाहेर काढा आणि मोजा.

माझी सळई पहिल्यांदा आत गेली ती सव्वातीन इंच. बागेत वर पाय ठेवला की चिखल लागत होता, आणि सव्वातीन इंचांखाली माती इतकी कोरडी की सळईला टण्ण असा आवाज आला. मी चार ठिकाणी घालून पाहिली. सगळीकडे तेच. चार वर्षांचं कोडं त्या एका सकाळी सुटलं.

भाजीपाल्याला ओल किमान एक फूट खोल पोचली पाहिजे, झुडपांना दोन फूट, झाडांना तीन फूट. इथले बागकाम शिकवणारे हेच एक-दोन-तीनचं माप सांगतात आणि ते लक्षात ठेवायला सोपं आहे. किती मिनिटं पाणी द्यायचं, याचं एकच उत्तर नाही. ते तुमच्या मातीवर आणि ड्रिपरवर अवलंबून आहे, आणि उत्तर सळईच देईल. माझ्याकडे ताशी २ लिटरचे ड्रिपर आहेत. पूर्वी रोज १० मिनिटं चालवत होते. आता मे-जूनमध्ये एका दिवसाआड किंवा दोन दिवसांआड, दीड तास. दीड तास सलगही नाही. पाऊण तास चालवून तासभर थांबते, मग पुन्हा पाऊण तास. चुनखडीची जमीन पाणी हळू पिते, घाई केली की ते वाफ्याबाहेर वाहून जातं. दोन पाण्यांच्या मध्ये वरची दोन बोटं माती सुकू द्यायची. आपल्याकडे वाफसा म्हणतात तीच अवस्था, मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं ढकलला तर फुटावा.

महिनाभरातल्या पाण्याची बेरीज केली तेव्हा ती आधीपेक्षा जास्त भरली. पाणी वाचवायला म्हणून थोडं-थोडं देणाऱ्यांना हे पटायला जड जातं. पण ते थोडं पाणी तर पुरतं वायाच जात होतं, वर मातीही बिघडवत होतं.

साचलेले क्षार खाली ढकलायचे कसे

नुसती पाण्याची पाळी बदलून मागचे चार हंगाम पुसले जात नाहीत. वाफा एकदा धुवावा लागतो. मापं ठरलेली आहेत: निचरा चांगला असेल तर एक फूट मातीतून १५ सेंटिमीटर पाणी खाली गेलं की साधारण निम्मे क्षार त्या थराखाली जातात, ३० सेंटिमीटर गेलं तर सुमारे ८० टक्के. माझ्या ४ बाय ८ च्या वाफ्याला १५ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४५० लिटर. हे एकदम ओतायचं नाही. मी दोन दिवसांत पाच-सहा वेळा, नळी अगदी बारीक सोडून दिलं. मार्चमध्ये एकदा आणि मेच्या मध्याला एकदा असं दोनदा करते. मेमधली धुलाई चुकवायची नाही, कारण पुढचे सहा आठवडे सर्वांत कोरडे असतात.

पण धुण्याआधी पाणी खाली जातं का ते पाहा. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर खाली कॅलिची आहे. कॅलिची म्हणजे चुन्यानं सिमेंटसारखा बांधला गेलेला थर, आपल्या मुरमापेक्षा कितीतरी टणक. त्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसतं. थर पातळ असेल तर पहारेनं भोक पाडता येतं. एका कोपऱ्यात मी आणि मुलगा दोघांनी मिळून दोन शनिवार घालून नऊ इंचांचा थर फोडला. जाड असेल तर हट्ट करू नका, वर उंच वाफा बांधा. हे एवढं कारण नसेल तर मात्र वाळवंटात उंच वाफे मला पटत नाहीत. चारही बाजूंनी तापतात आणि लवकर सुकतात. न्यू मेक्सिकोतले झुनी लोक जमिनीत चौकोनी खळगे करून, भोवती मातीचे बांध घालून भाजी लावत आले आहेत. आपलं आळं आणि ते एकाच विचाराचं. जमिनीच्या पातळीखाली तीन-चार इंच वाफा घेतलात तर वारा कमी लागतो आणि पाणी जागच्या जागी मुरतं.

सगळं करूनही एक वाफा सुधारेना, तेव्हा

मागच्या भिंतीलगतचा वाफा धुतला, ठिबक बदललं, तरी तिथे पाणी तासन्‌तास तुंबून राहायचं आणि सुकल्यावर मातीला तडे गेलेली चिकट पपडी यायची. खड्डा खणून पाहिला तर खाली कॅलिची नव्हती. ती माती हातात घेतल्यावर मला पुन्हा खारपाणपट्टाच आठवला, तिथली चोपण जमीन अगदी अशीच होते. चोपण होते सोडियममुळे. मग हे सोडियम आलं कुठून?

आलं होतं घरातूनच. या भागात पाणी जड असल्यामुळे बहुतेक घरांत वॉटर सॉफ्टनर बसवलेला असतो. तो पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याबदली सोडियम सोडतो. बाहेरच्या बागेचे नळ सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपवर असायला हवेत, आणि सहसा असतातही. आमच्या घरात मात्र मागच्या अंगणाचा नळ सॉफ्टनरनंतरच्या पाइपला जोडलेला निघाला. घर घेताना नळकाम करणाऱ्यानं सगळं तपासून दिलं होतं, पण हे त्याच्याही नजरेतून सुटलं आणि आमच्याही.

तपासणी पाच मिनिटांची आहे. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बागेच्या नळाचं पाणी, दुसरीत घराच्या पुढच्या नळाचं. दोन्हींत साध्या साबणाच्या चुऱ्याची चिमूट टाकून जोरात हलवा. जड पाण्यात फेस धरत नाही, पाणी दुधट होतं आणि वर चोथा तरंगतो. सॉफ्टनरच्या पाण्यात फेस ताठ उभा राहतो. माझ्या मागच्या नळाच्या बाटलीत बूच उघडलं तर फेस वर उतू आला.

नळ बदलून घेतला. मग त्या वाफ्यात दीड किलो जिप्सम मातीत मिसळून दोन महिन्यांत तीनदा धुलाई केली. जिप्समचं कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियमला हटवतं आणि पाणी ते खाली नेतं. पपडी दुसऱ्या हंगामात गेली. पण कृपा करून सोडियमची खात्री झाल्याशिवाय जिप्सम टाकू नका. इथल्या मातीत कॅल्शियम भरपूर आहे, विनाकारण टाकलेलं जिप्सम म्हणजे आणखी क्षारच. माती परीक्षण करून घ्या आणि त्यात सोडियमचं प्रमाण मुद्दाम मागा.

दिसतं सारखं, पण दुखणं वेगळं

प्रत्येक करपलेलं पान क्षारानंच करपलेलं असतं असं नाही. झाडाच्या फक्त पश्चिमेच्या बाजूच्या पानांवर, पानाच्या मधोमध पांढरट कागदी डाग पडले असतील तर ते ऊन लागलं आहे. फळांवरही तसाच फिकट चट्टा येतो. उपाय सावलीचा. दुपारी तीनला झाड माना टाकतं आणि सूर्य कलल्यावर सावरतं, तेव्हा काहीही करू नका. पानं पाणी सोडतात त्या वेगानं मुळं ओढू शकत नाहीत, एवढंच असतं ते. सकाळी सहाला झाड कोमेजलेलं असेल तर मात्र सळई घाला. कोरडं असेल तर पाणी द्या. ओलं असेल तर मुळं कुजताहेत, पाणी थांबवा.

कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. लिंबू आणि कढीपत्त्यावर हमखास दिसतं. मातीत लोह असतं, पण एवढ्या सामूला ते झाडाला घेता येत नाही. त्यात माती सतत ओली ठेवली की आणखीच वाढतं, म्हणून आधी पाण्याची पाळी लांबवा. तरी सुधारलं नाही तर लोहाचं चिलेट, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, विकत घ्या, पण डबीवर ईडीडीएचए लिहिलेलं असेल तेच. स्वस्तातलं ईडीटीए इतक्या चुनखडीत टिकत नाही, पैसे मातीत जातात. मी दोन वर्षं घालवले.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चपटा डाग आला की लोक कॅल्शियम टाकायला धावतात. कॅल्शियम जमिनीत मुबलक आहे. पाणी कधी भरपूर कधी कमी झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. खोल आणि ठरलेल्या पाळीनं पाणी दिलं की हे आपोआप थांबतं.

आता फुलगळ. पाणी सुधारल्यावर माझ्या झाडांची पानं हिरवी राहिली, तरी मेअखेर फुलं गळतच होती. त्याचं कारण क्षार नव्हते. दिवसा ३५ अंश आणि रात्री २४ च्या वर तापमान राहायला लागलं की टोमॅटोचा पराग निकामी होतो आणि फूल गळतं. रात्रीचा आकडा इथे जास्त घातक. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंशांच्या वर गेला. पण त्याच जुलैत सलग १६ रात्री तापमान ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ अंशांच्या खाली उतरलंच नाही. सग्वारो निवडुंग रात्रीच्या गारव्यात आपली रंध्रं उघडून श्वास घेतो. त्या वर्षी इथल्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमधल्या सग्वारोंचे हात गळून पडले, काही उभेच्या उभे कोसळले. या वाळवंटाचा मूळ रहिवासी जिथे टिकला नाही, तिथे टोमॅटोच्या फुलाला काय बोल लावायचा.

म्हणून फुलगळीवरचा उपाय आहे तारीख. रोपं १५ फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत जमिनीत गेलीच पाहिजेत. म्हणजे बी घरात डिसेंबरअखेर टाकायचं. थंडीची एखादी रात्र आली तर जुनी चादर पांघरायची. लवकर येणाऱ्या, लहान फळांच्या जाती घ्या. मोठ्या फळांच्या जाती धरेपर्यंत मे उलटतो. जूनमध्ये फळ थांबलं की झाड उपटू नका. सावली करा, पाण्याची पाळी सांभाळा, जुलैअखेर एक-तृतीयांश छाटा. सप्टेंबरच्या शेवटी रात्री उतरल्या की तेच झाड पुन्हा फुलतं. माझं एक चेरी टोमॅटोचं झाड असं दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुमारास लगडलं होतं.

आपल्याकडच्या सवयी, ज्या इथे नडतात

हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या लोकांच्या बागांत मी पुन्हा पुन्हा पाहते. कीड पडली की राख भुरभुरायची सवय इथे सोडा. राखेनं सामू आणखी वर जातो. अंड्याची टरफलं या चुनखडीत काही करत नाहीत. पोत्यातलं शेणखत आणि कोंबडीखत क्षारांनी भरलेलं असतं. लावणीच्या तोंडावर भरपूर मिसळलंत तर पंधरा दिवसांत पानांच्या कडा सांगतील. खत घालायचं ते लावणीच्या दोन-तीन महिने आधी, थोडं, आणि नंतर वाफा एकदा धुवून. घरचा पालापाचोळा आणि भाजीच्या देठांचं चांगलं कुजलेलं कंपोस्ट सर्वांत बरं.

संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडायची आवडही इथे नको. थेंब सुकतो, क्षार पानावर राहतात. पाणी बुडाशीच द्यायचं. नळीतलं पहिलं पाणी आधी एखाद्या बादलीत काढायचं. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते मुळांवर जाऊ देऊ नका.

आच्छादन मात्र हवंच. गव्हाचा भुसा, लाकडाचा चुरा, वाळलेली पानं, काहीही चालेल, पण दोन-तीन इंच, खोडापासून चार बोटं दूर. वर खडी पसरायची इथे पद्धत आहे, ती भाजीच्या वाफ्यात नको. दगड रात्रभर उष्णता सोडत बसतात. सावलीसाठी ४० ते ५० टक्क्यांची जाळी, झाडापासून दोन फूट तरी वर, आणि पश्चिमेची बाजू आधी झाका. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात ठेवू नका. त्यात माती नाही, मुळं शिजतात.

मेनंतर लावायचं काय

इथे हंगाम उलटे आहेत हे एकदा मनानं मान्य केलं की निम्मा त्रास संपतो. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, मटार ऑक्टोबरात. उन्हाळ्यात त्यांच्या मागे लागूच नका.

आणि उन्हाळ्यात लावायचं ते आपल्याच डब्यांत पडलेलं असतं. मटकी मूळ वाळवंटी मुलखाचं कडधान्य, राजस्थानात ती सर्वांत जास्त पिकते. गवारीचंही तेच. दोघींची मुळं खोल जातात आणि ४२ अंशांत त्यांना कसलीही तक्रार नसते. मी वाण्याकडच्या पिशवीतली मटकी मूठभर मेमध्ये टाकली, आठवड्यातून एकदाच खोल पाणी दिलं, ती जमिनीला चिकटून गालिच्यासारखी पसरली आणि खालची माती झाकून टाकली. चवळी, भेंडी, रताळी हीदेखील टिकतात. वांगं फळ देत नाही पण जगतं आणि सप्टेंबरात सावरतं.

इथल्या ओओधम लोकांचं टेपारी नावाचं घेवड्यासारखं कडधान्यही मी दोन वर्षं लावते आहे. त्यांच्या पूर्वजांनी याच खोऱ्यात हजार वर्षांपूर्वी कालवे खणले. आज फिनिक्सला पाणी आणणारे काही कालवे त्याच जुन्या वाटांनी जातात. टेपारीचं पान दुपारी वळतं आणि कड सूर्याकडे करतं, ऊन अंगावर घेत नाही. तिला लाड करून पाणी जास्त दिलं तर नुसता पाला वाढतो, शेंगा धरत नाहीत. उसळ मात्र आपल्या मसाल्यात उत्तम होते.

पहिल्या पावसाचा धोका

शेवटची गोष्ट सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते आणि मीही नुकसान झाल्यावरच शिकले. जुलैमध्ये इथला मॉन्सून सुरू होतो. धुळीची भिंत येते, मागून पाच-दहा मिनिटं पाऊस पडतो. मन हरखून जातं, आपण ठिबक बंद करतो. आणि चार-पाच दिवसांनी पानांच्या कडा पुन्हा करपलेल्या. कारण एवढा-तेवढा पाऊस, वाफ्याच्या वरच्या थरात आणि कडेला साचलेल्या पांढऱ्या क्षारांना विरघळवतो आणि बरोबर मुळांपाशी आणून सोडतो. त्यापुढे ढकलायला त्यात जोर नसतो.

म्हणून आता थेंब पडायला लागले की मी ठिबक चालू करते. पाऊस चालू असताना आणि थांबल्यावरही, पूर्ण दीड तास. शेजारच्या आजी पहिल्यांदा छत्री घेऊन कुंपणाशी आल्या आणि नळ उघडा राहिलाय म्हणून काळजीनं सांगू लागल्या. मी त्यांना वाफ्याच्या कडेचा पांढरा पापुद्रा दाखवला, सळई त्यांच्या हातात दिली. यंदाच्या पहिल्या पावसात त्यांच्याही लिंबाखाली नळी सोडलेली होती.